भिंतीवरचा हत्ती

ताज्या रंगाचा वास आला की परदेशातला, सेम्बावांगचा आमचा भाड्याचा फ्लॅट आठवतो. घर सोडायचं म्हणून बाबा भिंतीवरच्या चित्रांवर पांढरा रंग मारत होते. धाकट्या बहिणीने ती मेणखडूने काढलेली. ती वाढली तशी चित्रंही वर चढली होती. पहिला हात वाळला आणि तिचा हत्ती पुन्हा उमटला. ती नाचलीच, तिथल्या मुलांच्या इंग्रजीत म्हणाली, "बाबा, लुक, हत्ती कम बॅक ला!" बाबांनी सुरीने हत्ती खरवडून काढला. "नव्या घरात वहीत काढायचं, शहाण्यासारखं." तिने मेणखडू डब्यात भरून झाकण लावलं. मालकाला भिंत कोरी हवी, म्हणून पोरही कोरी करायची? परवा, इतक्या वर्षांनी, आमच्या मंडळाच्या पत्रकासाठी तिच्याकडे चित्र मागितलं. हसून म्हणाली, "ताई, मला कुठे काढता येतं?"