आत उजेडात बघून सांगतो

टोपलीभाऊंचा धंदा कुलपांचा, आणि नाव पडलेलं अळंबीमुळे. कुलूप बिघडलं, किल्ली हरवली, दार आतून बंद झालं की लोक त्यांच्याकडे धावत यायचे, पण त्याबद्दल कोणी कधी कौतुक केल्याचं ऐकिवात नाही. कौतुक व्हायचं ते अळंबीचं. पाऊस ओसरायला लागला की दर रविवारी भाऊ आणि त्यांची मोठी बहीण बसने शेवटच्या थांब्यापर्यंत जायचे, रानात शिरायचे आणि दुपारी टोपली भरून परतायचे. टोपली भाऊंच्या हातात असायची. गल्लीने टोपली पाहिली आणि नाव ठेवून मोकळी झाली. बहीण दोन पावलं मागून रिकाम्या हाताने यायची. तिच्याकडे कोण बघतो?

आता खरं सांगायचं, तर भाऊंना अळंबीतलं ओ की ठो कळत नव्हतं. ओळखायची ती ताई. इस्पितळाच्या लाँड्रीत तिने तीस वर्षं चादरी तपासल्या होत्या. डाग रक्ताचा की औषधाचा, हे ती हाताभर अंतरावरून सांगायची. रानातही तीच नजर. वाकायची, आजूबाजूची माती बोटांनी उकरायची, अळंबी बुडासकट अख्खी वर काढायची, उलटी करून छत्रीखालच्या पट्ट्या बघायची, एक तुकडा मोडून रंग बदलतोय का म्हणून थांबायची, वास घ्यायची. मग एक तर टोपलीत, नाहीतर झुडपात. भाऊ टोपली पुढे धरायचे. त्यांचं काम एवढंच, आणि ते त्यांनी कधी चुकवलं नाही.

दुकानात मात्र सगळा कारभार उलटा होता. गल्लीतलं कोणी पिशवीत चार अळंब्या घेऊन आलं, की भाऊ चष्मा कपाळावर चढवून त्या हातात घ्यायचे, "हं" म्हणायचे आणि पुढे म्हणायचे, "थांबा. आत उजेडात बघून सांगतो." दुकानामागे स्वयंपाकघर होतं. तिथे दुकानापेक्षाही कमी उजेड. एकच खिडकी, आणि तिच्यासमोर शेजाऱ्यांची भिंत. पण तिथे टेबलाशी ताई बसलेली असायची. ती अळंबी फिरवून बघायची आणि म्हणायची, "हो," किंवा "टाक." कधी म्हणायची, "उद्या." म्हणजे छत्री रात्रभर पांढऱ्या कागदावर पालथी ठेवून खाली कुठल्या रंगाची भुकटी पडते ते तिला बघायचं असायचं. भाऊ बाहेर येऊन सांगायचे, "उद्या या, आज हवा दमट आहे." हवेचा काही संबंध नव्हता, पण लोकांना ते पटायचं.

निकाल सांगून झाला की व्याख्यान. गिऱ्हाइकाला घाई असली तरी ते ऐकावंच लागायचं. "बूड पाहिजे, बूड! वरून सगळ्या साळसूद दिसतात. त्या घातकी पांढऱ्या अळंबीच्या बुडाशी पिशवीसारखं आवरण असतं, आणि ते मातीत लपलेलं असतं. तुम्ही सुरीने देठ कापून आणलंत, तर ओळख तिथे मातीतच राहिली. आणि विष कसलं, म्हणाल? खाल्ल्यावर अर्धा दिवस माणूस ठणठणीत असतो, आणि त्रास सुरू होतो तेव्हा वेळ गेलेली असते." एकेक शब्द ताईचा, आव मात्र असा की जणू हा माणूस जंगलातच जन्मला. ताई आतून ऐकायची. गिऱ्हाईक गेलं की म्हणायची, "किती बोलतोस रे."

"मग तू ये ना बाहेर."

"मला नाही जमत माणसांशी. तूच बरा आहेस."

अशी तेवीस वर्षं गेली, आणि गल्लीत कोणाचं साधं पोटसुद्धा दुखलं नाही.

ताई गेली ती पावसाच्या तोंडावर, झोपेत. भाऊंनी जे करायचं ते सगळं केलं. दाखला आणला, तिचे कपडे बांधून दिले, भेटायला आलेल्यांना चहा दिला, आठव्या दिवशी दुकान उघडलं. रडले नाहीत. दुःख झालं नाही असं नाही. झालं की नाही, हेच त्यांना कळेना. दाताचा डॉक्टर सुई टोचतो आणि गाल आपला राहत नाही, तसं त्यांचं सगळंच झालं होतं. जेवण तोंडात जायचं, चव लागायची नाही. झोप यायची, पण सकाळी झोपल्यासारखं वाटायचं नाही. लोक म्हणाले, भाऊ किती खंबीर! लोकांना काय, सुन्न माणूस आणि खंबीर माणूस बाहेरून सारखेच दिसतात.

पाऊस ओसरला. रविवार येऊन गेले. भाऊ शेवटच्या थांब्याला गेले नाहीत.

मग एका सकाळी, अकराच्या सुमाराला, बेकरीवाल्याची सून दुकानात आली. लग्न होऊन दहा वर्षं झाली होती, दोन मुली होत्या, पण नवऱ्याबरोबर ती आधी दुसऱ्या शहरात होती; या गल्लीत येऊन तिला वर्षही झालं नव्हतं. तिने गल्ल्यावर स्टीलचा डबा ठेवला. झाकण उघडलं. आत पांढऱ्याशुभ्र अळंब्या, धुतलेल्या, देठ एका मापात कापलेले.

"रानाजवळ माझी मैत्रीण राहते, तिच्याकडे काल गेले होते," ती म्हणाली. "मामंजी म्हणाले, टोपलीभाऊंना दाखवल्याशिवाय चुलीवर ठेवायच्या नाहीत. दुपारच्या जेवणाला करेन म्हणते. लोण्यावर परतलेल्या मामंजींना फार आवडतात."

भाऊंनी चष्मा कपाळावर चढवला. "हं," म्हणाले. "थांबा. आत उजेडात बघून सांगतो."

डबा घेऊन ते आत गेले. टेबलावर, नेहमीच्या जागी, खुर्चीसमोर ठेवला. उभे राहिले. खुर्चीच्या पाठीवर एक टॉवेल वाळत होता. बाहेरून मोटारसायकल गेली. जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ झाला. त्यांनी डबा उचलला आणि बाहेर येऊन म्हणाले, "चालेल."

"खरंच? वा!" सून खूश झाली आणि गेली. तिला व्याख्यान ऐकावं लागलं नाही.

भाऊ एका गोदामाची किल्ली करायला बसले. जुनी किल्ली पुढे ठेवली, नवी शेगड्याच्या पकडीत आवळली, कानशीने घासायला घेतली. तास-सव्वा तास गेला. एक दात जास्त घासला गेला, किल्ली फुकट गेली, म्हणून दुसरी घेतली. आणि ती आवळता आवळता त्यांना सहज आठवलं, की डब्यातल्या अळंब्यांना बूड नव्हतं.

हात आवळत राहिले. विचार आला तो इतकाच: बूड नव्हतं, मग 'हो' कोण म्हणालं?

कोणीच नाही. कोणी काही म्हणालं नव्हतं.

त्यांनी घड्याळ बघितलं. साडेबारा. बेकरीवाले एकला जेवायचे. आणि आता सांगायला लाज वाटते, पण भाऊ लगेच उठले नाहीत. बसून राहिले. बहुतेक पांढऱ्या अळंब्या साध्याच असतात. ताई दहातल्या एखादीलाच 'टाक' म्हणायची. गेलो, तर काय सांगायचं? एकदा ते सांगितलं की तेवीस वर्षांचं सगळं गेलं. टोपलीभाऊ म्हणून कोणी हाक मारणार नाही, आणि ताई आत बसलेली असते, हे जे घरात अजून थोडंफार चालू होतं, तेही संपलं. त्या दोन मुलींचे चेहरे त्यांनी डोळ्यांसमोर आणून बघितले. धाकटीचे पुढचे दोन दात पडलेले. चेहरे आले, पण आत काहीच हललं नाही. त्याचंच त्यांना भय वाटलं. चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांना काहीतरी वाटलं, आणि ते हे.

ते उठले. दुकान उघडं टाकून चपला न घालता निघाले.

बेकरी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, वर घर. जिन्यात मैद्याची पोती रचलेली, त्यातून वाट काढत भाऊ वर पोचले तेव्हा सगळे टेबलाशी बसले होते. मधे कढई. चार ताटांत वाढलेलं. बेकरीवाले उभ्यानेच हात पुसत होते. कोपरापर्यंत पीठ असायचं त्यांच्या, धुवायला वेळ लागायचा, आणि त्या दिवशी सगळी वाट बघत थांबली होती ती तेवढ्यासाठीच.

"या, टोपलीभाऊ!" बेकरीवाले ओरडले. "वासावर आलात वाटतं! अगं, ताट घे ह्यांना."

"खाऊ नका," भाऊ म्हणाले.

"काय?"

"खाऊ नका ते. टाकून द्या. कोणी खाल्लंय का?"

कोणी खाल्लं नव्हतं. थोरलीच्या हातातला चमचा सुनेने काढून घेतला, आणि धाकटीचं ताट सरकवताना ते खाली पडलं.

"पण तुम्हीच तर चालेल म्हणालात," ती म्हणाली. "आत नेऊन बघितलंत की!"

"मी बघितलं नाही. मला बघता येत नाही. कधीच येत नव्हतं. मी फक्त आत नेऊन ताईला दाखवायचो. ती सांगायची, ते मी तुम्हाला सांगायचो."

बेकरीवाले खुर्चीत बसले. "मग आज?"

"आज आत कोणी नव्हतं."

मग सून बोलली, आणि तिने बोलायलाच हवं होतं. "माझ्या मुली आहेत ह्या," ती म्हणाली. आवाज चढला होता. "कळतंय का तुम्हाला? एक शब्द बोलायचा होता, मला येत नाही म्हणून! एवढं काय जड होतं?"

"जड होतं," भाऊ म्हणाले. "पण चूक माझीच आहे."

बेकरीवाल्यांनी कढई उचलली, लोण्यासकट सगळं पिशवीत ओतलं, पिशवीला गाठ मारली. त्या अळंब्या साध्या होत्या की घातकी, हे मग कोणालाच कधी कळलं नाही. भाऊ "येतो" म्हणून जिना उतरायला लागले, आणि मधल्या पायरीवर, पोत्यांशेजारी, त्यांना बसावं लागलं.

थोड्या वेळाने सून खाली आली. राग गेला नव्हता. गेला असता तर ती माणूस कसली? पण हातात पाण्याचा पेला होता. तो तिने त्यांच्याजवळ ठेवला आणि एक पायरी वर उभी राहिली.

"त्यांनी काय केलं असतं?" तिने विचारलं. "तुमच्या ताईंनी. डबा बघून."

भाऊंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. ताई कुठलंही वाक्य कसं बोलेल, हे त्यांना पाठ होतं.

"ताई असती तर..." ते म्हणाले.

चार महिन्यांत भाऊंनी हे शब्द एकदाही उच्चारले नव्हते. दाखला आणताना नाही, चहा देताना नाही. वाक्य पुढे गेलंच नाही. ताई नव्हती. घरात नव्हती, टेबलाशी नव्हती, कुठल्याही रविवारी असणार नव्हती. भाऊ रडायला लागले, मोठ्याने, भर दुपारी, बेकरीत पाव घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असे. खालून कोणीतरी विचारलं, काय झालं, कोण आहे.

"टोपलीभाऊ आहेत," सून म्हणाली. "बहीण गेली त्यांची." आणि ती त्यांच्याशेजारी पायरीवर बसली.