थरथरतं मशीन

दुकानाची पायरी चढण्याआधी कवळीकाकांनी उजवा हात खिशात घातला. खिशात गाडीची चावी होती आणि गुलाबी मेणाची बोराएवढी गोळी. गोळी चिमटीत आली तेव्हा कुठे त्यांचं पाऊल पुढे पडलं.

काका दातांच्या कवळ्या बनवत. जन्मभर तोच उद्योग. अर्ध्या गावाचं हसू काकांच्या हातचं, असं लोक म्हणत. त्यावर काकू म्हणत, दुसऱ्यांचे दात घासण्यात जन्म गेला, घरातलं एक भांडं कधी घासलं नाही. मागल्या वर्षी काकांनी काम बंद केलं. डोळे साथ देत नाहीत असं सगळ्यांना सांगितलं. डोळे ठणठणीत होते.

साथ सोडली होती हातानं. आणि गोम अशी, की काम करताना हात शहाण्यासारखा वागे. रिकामा झाला, गिऱ्हाइकासमोर मांडीवर टेकला, की अंगठा तर्जनीवर फिरू लागे, कवळीच्या कामात मेणाची गोळी वळतात तसा. काकांना हे पहिल्याच दिवशी ओळखू आलं, कारण त्यांनी ते लहानपणी पाहिलं होतं. वडिलांचाही हाच धंदा. त्यांचा अंगठा असा फिरायला लागला तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं, सवय आहे, बिचारे मेण नसतानाही वळतात. हसण्यावारी नेण्यात काळ गेला. मग वडिलांकडून आधी वस्तरा काढून घेतला, मग सायकल, मग चमचा. शेवटी त्यांना भरवावं लागे, आणि घास घेताना ते समोरच्याच्या डोळ्यांत बघत नसत.

म्हणून काका खरोखरच मेण बाळगायला लागले. कुणी पाहिलंच तर सवय दिसावी. माणूस घाबरला की किती अक्कल लढवतो, आणि ती सगळी चुकीच्या जागी.

हेही निभावलं असतं. पण गेल्या आठवड्यात गाडी फाटकातून आत घेताना स्टिअरिंगवरचा हात जरासा उशिरा वळला आणि डावं दार खांबाला घासलं. गडद हिरव्या रंगावर खांबाच्या पांढऱ्या रंगाचे फराटे उठले. काकूंना त्यांनी सांगितलं, बाजारात उभी होती तेव्हा कुणीतरी घासून गेलं असेल. काकूंनी त्या अज्ञात इसमाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. काका खाली मान घालून तो ऐकत राहिले.

गाडी गॅरेजला न्यायची सोय नव्हती. मिस्त्री पहिल्या नजरेत म्हणाला असता, खांबाला लावलीत ना, आणि मिस्त्रीच्या तोंडात तीळ भिजत नसे. रविवारी लेक येणार होती. बाबा, आता गाडी पुरे, हे ती आधीपासूनच म्हणत होती. तिच्या नजरेला हे दार पडलं असतं तर चावी गेली असती. आणि चावीच्या मागून काय काय जातं ते काकांना पाठ होतं. तेव्हा घरच्या घरी पॉलिश करायचं, त्यासाठी मशीन घ्यायचं, हे ठरलं.

हत्यारांच्या दुकानदारानं दोन मशीनं पुढ्यात ठेवली. त्याच्या वडिलांची कवळी काकांनी केलेली. ते गेले तेव्हाही दात चकाकत होते, असं तो आल्यागेल्याला अभिमानानं सांगे. त्यानं समजावलं, की हे जड मशीन सरळ गोल फिरतं. काम झटपट करतं, पण एका जागी क्षणभर जास्त रेंगाळलं की रंग जाळतं. कडेला तर थेट पत्रा दिसतो. याला खात्रीचा हात लागतो. दुसऱ्याची तबकडी फिरतेही आणि फिरता फिरता डुलतेही. त्यामुळे एका जागी ताप धरत नाही. काम सावकाश होतं, पण नवख्यानं धरलं तरी नुकसान नाही.

“तुम्हाला मी काय सांगणार, काका,” तो म्हणाला. “पॉलिशच्या कामात तुमचा हात कोण धरणार? हे जडच न्या.”

काकांच्या खिशातली गोळी चपटी झाली.

त्यांनी जड मशीन चालू करून पाहिलं. ते एका बाजूला ओढ घेत होतं, हट्टी जनावरासारखं. कवळीच्या कामात चाक जागेवर घट्ट असे, वस्तू हातात असे. बिघडली तर वस्तू फेकून द्यायची आणि नवी करायची. इथे चाकच हातात, आणि समोर सबंध दार. हात एकदा उशिरा वळला होता. इथे वळला तर? काकांनी ते घाईनं खाली ठेवलं आणि दुसरं उचललं.

ते सुरू झालं आणि त्यांचा हात मनगटापासून कोपरापर्यंत थरथरायला लागला. काका दचकले. मग त्यांच्या ध्यानात आलं, मघाशी दाखवताना दुकानदाराचाही हात असाच थरथरत होता. हे मशीन धरल्यावर कुणाचाही थरथरला असता.

“हेच द्या,” ते म्हणाले.

दुकानदारानं दोनदा विचारलं, तुम्ही, आणि शिकाऊंचं मशीन? काकांनी वयाचं, वजनाचं काहीबाही सांगितलं आणि खोकं डाव्या हातानं उचललं.

काकू बहिणीकडे गेल्या तशी काकांनी जुनी विजार चढवली, चावी आठवणीनं घेतली आणि गाडी अंगणात सावलीला लावली. दार धुतलं, पुसलं, कडांना चिकटपट्टी लावली. तबकडीच्या काठावर काळ्या शाईची रेघ ओढली. जास्त दाबलं तर तबकडी नुसती डुलते, फिरायची थांबते, ते रेघेवरून कळतं. स्पंजावर पॉलिशचे तीन-चार ठिपके घातले, स्पंज दाराला टेकवला आणि मगच बटण दाबलं.

फराटे धूसर झाले, मग पुसट, मग नाहीसे. त्यांच्या जागी दारात अंगण दिसायला लागलं, दोरीवरचे कपडे, पोटऱ्यांपासून वरचे स्वतः काका. किती महिन्यांनी त्यांचा हात उघड्यावर होता आणि त्यांना त्याची लाज नव्हती. तो मशीनबरोबर थरथरत होता, आणि दोष मशीनचा होता. डावं दार झालं तरी त्यांनी थांबवलं नाही. मागचं दार घेतलं. तिथे काहीच झालं नव्हतं. मशीन बंद करायला बोट बटणाकडे वळत नव्हतं.

मशीन अचानक आपोआप बंद पडलं.

काकांनी वळून पाहिलं. ओसरीवर बहिणीकडून परतलेल्या काकू उभ्या होत्या, हातात सॉकेटमधून उपटलेली पिन. कधीपासून हाका मारतेय, त्या म्हणाल्या, आणि पुढचं बोलायच्या थांबल्या. काकांनी मशीन खाली ठेवलं होतं. त्यांचा उजवा हात मोकळा लोंबत होता आणि अंगठा फिरत होता. गोळी चांगल्या पँटच्या खिशात राहिली होती.

“मेण कुठाय?” काकूंनी विचारलं.

काकांनी हात पाठीमागे नेला.

“धुवायच्या प्रत्येक पँटमधून मी गोळ्या काढते. काम बंद होऊन वर्ष झालं. आणि अर्धा कप चहा मी तुम्हाला काटकसर म्हणून देते का?”

“दार मीच खांबाला लावलं,” काका म्हणाले. एवढंच त्यांना सुचलं.

“ठाऊक आहे. गाडी पुसाल हो, खांबाला हिरवा रंग लागलाय तो कोण पुसणार?”

“मग शिव्या कुणाला घालत होतीस?”

“तुम्हालाच.”

काकांना हसू आलं. सासऱ्यांचं सगळं काढून घेतलं, काकू म्हणाल्या, पण डॉक्टरकडे वेळेवर कुणी नेलं? आपण उद्याच जायचं, बसनं. हे त्या ठसक्यात बोलल्या, पण हातातली पिन त्यांनी इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती. काकांनी ते पाहिलं आणि त्यांना जास्तच भीती वाटली. इतके दिवस घरात एकच माणूस घाबरलेला आहे अशी त्यांची समजूत होती.

“डॉक्टर हो म्हणेपर्यंत चावी माझ्याकडे,” काकू म्हणाल्या आणि त्यांनी तळवा पुढे केला.

चावी विजारीच्या उजव्या खिशात होती. काकांनी हात खिशात घातला. आत गेल्यावर तो सवयीनं तिथेच थांबला, दडून बसल्यासारखा. काकू तळवा तसाच धरून उभ्या राहिल्या.