धुक्यातलं शंटिंग इंजिन

मुलगी वर्षाची झाल्यावर मला घराजवळची ड्यूटी हवी होती. मिळाली ती नाशिक रोडच्या यार्डात, शंटिंगची. मालगाडी चालवणं सुटलं म्हणून सुरुवातीला मन लागेना. बाकीची इंजिनं तारांखालून भुसावळकडे, मुंबईकडे निघून जात. आमचं जुनं डिझेल इंजिन दिवसभर त्याच रुळांवर मागे-पुढे. डबे जोडायचे, सोडायचे, वीज केंद्राकडे जाणाऱ्या साइडिंगच्या रुळावरून कोळशाच्या रिकाम्या वाघिणी आणायच्या. इंजिनाच्या पोटात डिझेल जळून वीज तयार होते आणि ती वीज चाकं फिरवते. म्हणून हँडल सरकवलं की ते आधी नुसतं गुरगुरतं, मग झोपेत कूस बदलावी तसं हलतं. मुलीला मी त्याच लयीत थोपटते, हे नवऱ्याने एकदा हसत सांगितलं, तेव्हा कुठे मला कळलं की आता ते मला आवडायला लागलंय.

इंजिनाच्या लांब नाकामुळे समोरचं नीट दिसत नाही. पुढे दिवा घेऊन चालणारे पॉइंट्समन घोटीकडचे, निवृत्तीला आलेले. मी त्यांना मामा म्हणायचे. त्यांचा हिरवा दिवा हलला की निघायचं, दिसेनासा झाला की थांबायचं.

डिसेंबरातल्या एका सकाळी साइडिंगवर धुक्यात सगळं विरघळून गेलं होतं. वीज केंद्राच्या चिमण्या नाहीत, रूळ नाहीत. आम्ही वाघिणींकडे सरकतोय की उभे आहोत, तेही कळेना. एक हिरवा ठिपका तेवढा पाण्यावर तरंगावा तसा पुढे जात होता. मग तो खाली गेला आणि दिसेनासा झाला.

मी ब्रेक लावला. हाक मारली, उत्तर नाही. सहायक चालकाला इंजिनात ठेवून उतरले. मामा रुळालगत खडीवर बसले होते, घामाने डबडबलेले, हात छातीवर.

"थांबल्या का ताई? मला वाटलं, आता काय खरं नाय."

वॉकीटॉकीवर स्टेशन मास्तरांना सांगितलं. अँब्युलन्सला धुक्यात इथवर यायला वेळ लागेल, वाघिणी राहू द्या, नुसतं इंजिन घेऊन या, मी लाइन मोकळी करून देतो, असं ते म्हणाले. आम्ही दोघांनी मामांना वर चढवलं. सहायकाने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. धुक्यातून एकेक सिग्नल हिरवा होत गेला. द्राक्षबागांचे खांब जवळ येत, मागे विरत. इतकं सलग, कुठेही मागे न फिरता, ते इंजिन माझ्या हाती कधी चाललं नव्हतं. भीती वाटत होती, आणि तरी सगळं फार शांत होतं.

मामांनी डोळे उघडले. "लय लांब आलो आपण," ते हळूच म्हणाले.

प्लॅटफॉर्मवर स्ट्रेचर तयार होतं. हृदयाचा झटका होता. वेळेत पोहोचल्याने निभावलं. उन्हाळ्यात ते परतले, पण बसून करायच्या कामावर. अधूनमधून मुलीसाठी घोटीचा तांदूळ पाठवतात.

ऑफिसातून मला परत मालगाडीचं विचारलं होतं. इतक्यात नको, असं मी म्हणाले. पुढे आता नवा पॉइंट्समन चालतो. धुकं पडलं की मी आधी त्याला हाक मारते. तो "आहे, मॅडम" म्हणाला की मगच हँडलला हात लावते.