माळेवरचा पाय

टॉवरवर चढण्याआधी हरिदास रामटेके चपला काढून खाली टॉवरच्या पायाशी ठेवायचा. पुढे कंपनीचे बूट सक्तीचे झाले. तो बूट घालून चढू लागला, पण चपला तिथंच राहायच्या. वरचा गडी उतरेपर्यंत त्या कुणी ओलांडायच्या नाहीत, ही टोळीची रीत.

माजरीकडच्या या माणसानं उमेदीची सारी वर्षं विजेच्या मोठ्या तारा ओढण्यात घातली. वीज टॉवरात उतरू नये म्हणून टॉवरच्या आडव्या हाताला चिनीमातीच्या ताटल्यांची माळ लटकते. तिच्या खालच्या टोकाला तार असते. ओढून झाली की ती गरारीतून, म्हणजे कप्पीतून, काढून पकडीत बसवायला कुणाला तरी माळेवरून खाली उतरावं लागतं. एकेका ताटलीवर पाय ठेवायचा. कमरेला पट्टा असतो, पण माळ पायाखाली झुलते. चांगले दणकट गडी आडव्या हातापर्यंत येऊन माघारी फिरत. हरिदास उतरायचा. टोळीत त्याला मान होता तो एवढ्यासाठीच.

यंदा गडचिरोलीच्या जंगलातून नवी लाईन निघाली. विजेच्या कामात आता बाहेरच्या देशांतले पुरवठादार शिरू पाहत होते. त्यातल्या एका कंपनीचा माल काही टॉवरांवर लावून बघायचा होता. पास झाला तर पुढच्या साऱ्या लाईनला तोच माल लागणार होता, आणि बसवायचं काम याच टोळीला मिळणार होतं. माळेच्या जागी एकच लांब सळई, वर रबराची साल. चिनीमातीची माळ वर ओढताना अख्खी टोळी घामाघूम व्हायची. ही सळई एक माणूस खांद्यावर नेई. हरिदासनं ती हातात तोलून पाहिली आणि हसला.

कंपनीचा मारेक नावाचा जाडजूड फिटर सोबत आला होता. ठेकेदाराचा सुपरवायझर धनराज त्याचं बोलणं मराठीत सांगायचा. हिच्यावर पाय ठेवायचा नाही, शेजारी दोरशिडी सोडून उतरायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. हरिदासनंही.

पहिल्याच टॉवरवर शिडीचा दोर गुंतला. जोडीदार सुकलू तो सोडवत बसला. खाली तार डोलत होती, आणि हरिदासचं अंग सवयीनं निघालं. तो सळईवरून अर्ध्यात गेला तेव्हा खालून मारेकची हाक आली.

सळई उतरवली. बुटाच्या कडेनं साल फाटली होती. मारेक ओरडला नाही. त्यानं हरिदासचं बोट धरून त्या फटीत घातलं, मग बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं. पाणी आत शिरलं. आतून सळई कुजणार आणि एक दिवस तार खाली येणार, हे सांगायला धनराजची गरज पडली नाही.

धनराज म्हणाला, "हरिदासभाऊ, आता खालीच राहा. रस्सा ओढा. आपली टोळी राहते का जाते, ते या मालावर हाये."

हरिदास रस्सा ओढू लागला. रस्सा ओढणंही मेहनतीचंच काम, त्यानं ते नीट केलं. पण ते कुणीही करू शकत होतं. सुकलू वर गेला की टॉवरच्या पायाशी सुकलूच्या चपला असायच्या. घरी फोनवर सांगितलं तेव्हा बायकोला, बायनाबाईला, बरं वाटलं. आता मले झोप लागंन, म्हणाली. तिला बरं वाटलं याचंच त्याला वाईट वाटलं. वर जायला मिळणार नसेल तर घरी जायचं, असं त्यानं मनाशी धरलं.

पण आधी जेवणाच्या सुट्टीत त्यानं दोरशिडी मोहाच्या फांदीला बांधली. शिडी ताटलीसारखी पायाखाली थांबत नाही, पुढे पळते. तो उलटा लटकला. पोरं हसली.

"भाऊ, वटवाघूळ होऊन राह्यले का?" सुकलूनं विचारलं.

"तू धर खालून. लय बोलून राह्यला."

सुकलूआधी मारेकनं येऊन शिडीचं खालचं टोक धरलं. मग टाच आत वळवून पाय कडेनं कसा घालायचा ते स्वतः चढून दाखवलं. वजनानं फांदी करकरली, तसा उतरला. हरिदासनं तसा पाय घातला. पुन्हा घातला. पोटऱ्या थरथरेपर्यंत रोज तेच केलं.

मग तो धनराजकडे गेला. "एक टॉवर दे मले. पाय चुकला तर खाली उतरीन आन् घरी जाईन. तुले सांगा नाई लागणार."

धनराजनं मारेककडे पाहिलं. मारेकनं मान डोलावली.

हरिदासनं चपला काढल्या, बूट बांधले, चढला. आडव्या हातावरून शिडी सोडली. वारा आला. शिडी बाजूला सरकली, सळई मात्र समोर सरळ उभी. त्याचा उजवा पाय तिच्याकडे निघाला. खाली सगळ्यांनी तो पाहिला. सुकलूनं हातातला रस्सा आवळला.

पाय हवेत थांबला. हरिदासनं तो मागे घेतला, शिडी परत येऊ दिली, टाच आत वळवली आणि उतरत गेला. तार पकडीत बसवली, बोल्ट आवळले, पुन्हा एकदा आवळले.

तो खाली आला. मारेकनं वर सळईकडे बघून अंगठा दाखवला. हरिदास बूट काढून बसला.

"उद्याच्या टॉवरवर कोन जाते?" सुकलूनं विचारलं.

"इथी चपला कोनाच्या हायेत?" हरिदास म्हणाला, आणि पाण्याची बाटली मागितली.