मार्गासनीच्या कोंबड्या आणि माझा विषाणू

भोर डेपोत एसटीतून उतरले तेव्हा पिशवीत रिकाम्या बाटल्या, एक चमचा आणि अंगात भलताच आत्मविश्वास होता. मला रोगानं मेलेल्या अळ्या हव्या होत्या. हसू नका! वन्यजीव संवर्धन शिकले ते बिबटे वाचवायला. रानोमाळ फिरून त्यांची विष्ठाही गोळा केली. पण एकदा हरभऱ्याच्या शेंड्यांवर उलट्या लोंबून मेलेल्या अळ्या दिसल्या आणि बाईसाहेब बिबट्या सोडून अळ्यांच्या विषाणूमागे लागल्या. तो घाटेअळीला मारतो, माणसाला काही करत नाही, म्हणून पिकावर औषधासारखा फवारता येतो. प्रयोगशाळेतला माझा साठा नेमका खराब झाला होता आणि हरभऱ्याचा हंगाम संपत आलेला. आता नमुना मिळाला नाही तर वर्ष पाण्यात.

उत्रोलीत हरभरा निघून गेला होता. "अळ्या न्हाईत, तांदूळ न्या," एक शेतकरी म्हणाले. फाट्यावर गाडी बदलून मार्गासनी गाठलं. तिथं मैत्रिणीची आई, जनाकाकू. "लई अळ्या लोंबल्यात, ये," असं त्यांनीच फोनवर सांगितलेलं.

शेत पालथं घातलं. एक अळी दिसेल तर शपथ!

"काकू, अळ्या कुठायत?"

"येचून काढल्या की सकाळी. पुन्याची पाव्हनी यायची म्हंजी घान ठिवायची व्हय?"

बांधसुद्धा झाडलेला. मला रडूच कोसळलं.

"टाकल्या कुठं?"

"कोंबड्यांफुडं. लई आवडीनं खाल्ल्या."

मी डोळे पुसले. कोंबडीच्या पोटातून हा विषाणू धडधाकट बाहेर पडतो! मग काय, चमचा परजून मी कोंबड्यांमागं. त्या पुढं, मी मागं, आणि काकू पदर तोंडाला लावून हसतायत. "अगं, इतकं शिकून ह्येच करतीस व्हय?"

"हेच!" मी ओरडले. तेवढ्यात कोंबड्यानं पोटरीला चोच मारली. पण शिटेनं बाटल्या भरल्या. हात साबणानं तीनदा धुवायला लावूनच काकूंनी मला जेवायला बसवलं. भाकरी, हरभऱ्याची सुकी भाजी, इंद्रायणीचा भात. मी आडवा हात मारला.

परतीच्या एसटीत शेजारच्या आजी पिशवीचा वास घेऊन मुकाट मागच्या सीटवर गेल्या.

पुण्यात ती शीट पाण्यात कालवून, गाळून पाल्यावर लावली आणि निरोगी अळ्यांना चारली. रोज डबे उघडून बघायचे. एका सकाळी सगळ्या उलट्या लोंबलेल्या! तिथूनच काकूंना फोन लावला.

"काकू, मेल्या! सगळ्या मेल्या!"

"अगं बाई! कोन गं?"

"अळ्या!"

"आस्सं व्हय! लई झ्याक झालं बग."

मुक्या जिवांना वाचवायचं म्हणून घर सोडलं होतं मी. त्या दिवशी अळ्यांच्या मरणाचे पेढे प्रयोगशाळेच्या सगळ्या मजल्यावर वाटले.