म्हाळाप्पा खांब वाजवायला सांगतो

दुपारचं जेवण झाल्यावर उंब्रजकर जरा आडवे होतात. मीटिंग चार वाजता आहे, तोवर पाऊण तास मिळतोय. डोळ्यांवर झापड येते, पण डोक्यात फाईल चालूच राहते. होन्नगुड्ड्याची सोन्याची खाण आता म्हातारी झाली आहे. वरचं सोनं कधीच संपलं. जे काही उरलंय ते अगदी खालच्या मजल्यावर, छत तोलून धरणाऱ्या दगडी खांबांत. ते खांब काढायचे, त्यांच्या जागी सिमेंटचा भराव घालायचा, की खाण आणखी नऊ वर्षं चालेल. नाहीतर मार्चअखेर कुलूप. बाकी सगळ्यांच्या सह्या झाल्यात. राहिली आहे ती मुख्य भूवैज्ञानिकाची, म्हणजे उंब्रजकरांची.

पंख्याची घरघर हळूहळू जड होते, खाणीत माणसं उतरवणाऱ्या पाळण्याच्या दोराची होते. पलंग खाली जायला लागतो.

"झोपलाव व्हय, साहेब?"

पायथ्याशी म्हाळाप्पा बिराजदार बसलेला आहे. खालच्या मजल्यावरचा मेस्त्री, मूळचा अक्कलकोटकडचा. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली, हे उंब्रजकरांना स्वप्नातही पक्कं माहीत आहे. दगडाची धूळ छातीत बसून तो गेला, खाणीच्याच दवाखान्यात.

"बरे आहात ना?" उंब्रजकर विचारतात, आणि विचारल्यावर त्यांना लाज वाटते.

"आता खोकला न्हाई."

ते दवाखान्यात आहेत. खाटांच्या रांगा आहेत, पण वर छत दगडाचं आहे आणि त्यातून पाणी ठिबकतंय. खाटांवर माणसं नाहीत. प्रत्येक उशीवर एकेक हेल्मेट ठेवलंय.

"बारा वर्सामागं बी असंच झालं हुतं," म्हाळाप्पा म्हणतो. "खान बंद हुनार, खान बंद हुनार. म्या नोकरी सोडायचा फारम भरला हुता. आठवतंय?"

उंब्रजकरांना आठवतं. तो फॉर्म त्यांनीच परत करायला लावला होता. खाण चालणार आहे, तुमच्यासारखा मेस्त्री मला कुठे मिळायचा, थांबा, असं ते म्हणाले होते. म्हाळाप्पा खूश होऊन थांबला होता.

"तवा कागदावर काय लिवलाव तुमी?"

ते वाक्य उंब्रजकरांना पाठ आहे. "खाण आणखी पाच वर्षं चालवण्यास हरकत नाही."

"आन् माज्या छातीचं?"

"तो माझा विषय नव्हता, म्हाळाप्पा. मी दगडाचा माणूस."

"हां," तो म्हणतो. "शेवटाला म्या बी दगडाचाच झालो की."

खाटांचे बाक झालेत. कॉलनीतली शाळा जमिनीखाली भरली आहे. मुलं कपाळावर दिवे बांधून सतराचा पाढा म्हणतायत. पुढच्या बाकावरची मुलगी मान वळवते तेव्हा तिच्या दिव्याचा झोत उंब्रजकरांच्या डोळ्यांत जातो.

"ती माजी नात," म्हाळाप्पा सांगतो. "हिची आई दवाखान्यात नर्स हाय. बाप माज्याच जागी कामाला लागलाय."

"मग सांगा. बंद करू?"

"बंद केलाव तर ही समदी कुटं जायाची? माजी जीभ रेटत न्हाई."

"म्हणजे चालू ठेवू?"

म्हाळाप्पा आयुष्यभर त्यांच्याशी कधी आवाज चढवून बोलला नव्हता. आता चढवतो. "मेलेल्याची सही मागताव व्हय, साहेब?"

पाढा थांबतो. मुलं नाहीत, बाक नाहीत. समोर नुसता खांब, काळा, ओला, चार माणसांच्या कवेत न मावणारा.

"वाजवून बगा."

घट्ट दगड खणखणतो आणि सुटलेला बद्द वाजतो, हे उंब्रजकर म्हाळाप्पाकडूनच शिकले होते, नोकरीच्या पहिल्या वर्षी. पण आज हातात पहार नाही. ते मुठीने ठोकतात. काहीच ऐकू येत नाही.

"ऐकू येत नाही हो."

"हितं कवा आला हुताव शेवटचं?"

उंब्रजकर आठवत राहतात. गुडघे दुखायला लागले तेव्हापासून खालचे आकडे कागदावर वर येतात, आणि ते टेबलाशी बसून तपासतात. "सहा वर्षं झाली," ते म्हणतात.

"मग हा खांब काडला तर चालंल, असं तुमाला कुनी सांगितलं?"

उंब्रजकर पुन्हा ठोकतात, जोरात, आणखी जोरात. म्हाळाप्पा बाजूला उभा राहून नुसता बघतोय. थांबा म्हणत नाही. त्याच्या तोंडावर राग नाही आणि मायाही नाही, आणि हेच उंब्रजकरांना सोसवत नाही.

"साहेब! साहेब, चार वाजले!"

दारात ड्रायव्हर परशा उभा आहे. उंब्रजकर पलंगावर बसलेत, तोंड भिंतीकडे. मूठ अजून वळलेली आहे. चारही बोटांच्या गाठी सोलून निघाल्यात, कातडीत चुन्याचे कण रुतलेत. भिंतीवर रक्ताचा पुसट पट्टा उमटलाय.

"हे काय झालं हो हाताला?"

"काही नाही." ते पायात चपला सरकवतात. "मीटिंगला नको. खाणीच्या तोंडाशी घे. मला खाली उतरायचंय."

परशा घुटमळतो. "आज? मोठे साहेब वाट बघतायत. फाईल आजच पाठवायचीय म्हणतात."

"मी खांब बघितल्याशिवाय सही करत नाही, म्हणून सांग त्यांना."

"ते दुसऱ्या कुणाची घेतील, साहेब."

"घेऊ देत."

परशा तरी हलत नाही. मग खाली बघत हळूच म्हणतो, "पण तुमचा खाणीतला दिवा दुसऱ्याला देऊन टाकलाय. दोन वर्षं झाली. तुम्ही काही येत नाही म्हणून."

उंब्रजकर हाताला रुमाल गुंडाळतात आणि त्याच हाताने जीपचं दार उघडायला जातात. मूठ उघडताना इतकी ठणकते की दार परशालाच उघडावं लागतं.