वेशीपर्यंतची दवंडी

गावात नळ येणार ही बातमी आमच्या वस्तीला सगळ्यात शेवटी कळली, आणि तीही कशी, तर त्या नळाचा चर आमचेच लोक खणत असताना. आज इतक्या वर्षांनीही हे सांगताना माझं डोकं तापतं.

पूर्वी दवंडी द्यायचं काम आमच्याच वस्तीकडं होतं. आजोबांनी धम्म स्वीकारला, तेव्हा मेलेली जनावरं ओढणं सोडलं, तसं हलगी वाजवत गावभर ओरडत फिरणंही सोडलं. मग पंचायतीनं दुसरा माणूस धरला. तो गावातल्या सगळ्या गल्ल्या फिरायचा आणि वेशीजवळच्या लिंबाखाली, आमच्याकडं पाठ करून, शेवटची हाक द्यायचा. आम्हाला हलगी ऐकू यायची, शब्द नाही.

आई विचारायची, "काय म्हनला वं?"

"असंल काय तरी. आपल्याला काय करायचंय?" वडील म्हणायचे.

वेशीपर्यंत जाऊन विचारता आलं असतं. पण विचारलं की गावातलं कुणीतरी हमखास म्हणायचं, "तुमचंच काम हुतं की, सोडलं कशाला?" ते ऐकून घ्यायची वस्तीत कुणाचीच तयारी नव्हती. त्यामुळं आमच्यात कुणी विचारायला जात नसे.

वस्तीचा आड दुष्काळात आटला तो आटलाच. पाणी लांबच्या मळ्यातून आणावं लागे. आई-वडील दिवसभर मजुरीवर, म्हणून घागर आली माझ्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या डोक्यावर, आणि तिची शाळा सुटली. आईनं तिला कबूल केलं होतं, "पानी जवळ येऊ दे, तुला परत शाळंत घालते." आक्का हुशार होती. माझे पाढे तिनंच पाठ करून घेतले.

एका सकाळी मुकादम मजूर गोळा करायला आला. मजूर हवे असले की तो मात्र बरोबर आमच्या दारात यायचा. दुपारी खणायला गेलेल्या आई-वडिलांना भाकरी घेऊन गेलेली आक्का पळतच परत आली. नळाचा चर आहे म्हणाली. त्याच दिवशी तिनं जुनं दप्तर धुऊन वाळत घातलं. आईही असली खूश, की खडक लागला तरी कुरकुर नाही. आपल्याच दारात यायचंय ना पाणी!

चर आखलेली चुन्याची रेघ वेशीच्या लिंबापाशीच संपली. वडिलांनी पुढचं विचारलं, तर मुकादम म्हणाला, "आखणी हितवरच हाय. सरपंचाला इचारा."

वडील चावडीवर गेले. आक्का हट्टानं बरोबर गेली, तिच्यामागं मी.

सरपंच शांतपणे म्हणाले, "ज्याला आपल्या गल्लीत तोटी पायजे त्यानं येऊन सांगावं, अशी दवंडी दिली हुती. आले त्यांची आखणी झाली. तुमच्यातलं कुनी आलं न्हाय."

"आमच्यात कुनी सांगायलाच आलं न्हाय."

"हलगी ऐकू आली का न्हाय?"

वडील खोटं बोलले नाहीत. "आली," म्हणाले.

"मग वेशीपतूर येऊन इचारायला काय झालं हुतं?"

काय झालं होतं ते चावडीवरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. वडिलांनी तोंड उघडलं असतं तर आजोबांपासूनचं सगळं काढावं लागलं असतं, आणि ते ऐकणार कोण? ग्रामसेवक म्हणाला, कागद वर गेलेत, आता पुढच्या टप्प्यात बघू. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्याही हातात काही उरलं नव्हतं. वडिलांनी मान हलवली आणि ते पायऱ्या उतरले.

वाटेत आक्का म्हणाली, "बाबा, म्या इचारून आले असते की. मला बोलले असते तर बोलले असते."

दुसऱ्या दिवशी पाइप पडल्यावर तो चर बुजवायलाही आई-वडीलच गेले. कामावर गेलं नाही तर चूल कशी पेटणार?

वेशीजवळ तोटी बसली. वेशीलगतच्या गल्लीतल्या बायकांचं भरून झालं की आमचा नंबर, आणि बऱ्याचदा तोवर पाणी गेलेलं. आक्का तिथंच ताटकळत बसायची, नाहीतर पुन्हा मळ्याची वाट धरायची. तिचं धुतलेलं दप्तर मला मिळालं. ती पाणी आणत होती म्हणून मी शाळेत जाऊ शकले, यात गोड मानून घेण्यासारखं मला काही दिसत नाही.

तो पुढचा टप्पा मी मॅट्रिकला असताना आला आणि तोटी आमच्या अंगणालगत बसली. आक्काचं तोवर लग्न झालं होतं. सासरी ती विहिरीवरून पाणी ओढायची. माहेरी आली तेव्हा आधी तोटीपाशीच गेली. घागर भरली, चुंबळ केली, घागर डोक्यावर चढवली आणि उभी राहिली.

"अगं ठिव की खाली, दार हितंच हाय," आई म्हणाली, आणि ओट्यावर बसून रडायला लागली.